पानिपत: शेंगदाणे हरभऱ्यांच्या पुढे का गेले?

कढीलिंब · १४ जानेवारी, २१:४०

आज संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर दरवर्षीप्रमाणे १७६१ आठवलं आणि यंदा नसता उद्योग केला. नऊ वर्षांच्या भाच्याला पानिपत समजावून सांगायला बसलो. कागदावर त्याला काही कळेना, म्हणून हॉलच्या फरशीवर लढाई मांडली. हरभरे म्हणजे इब्राहिमखानाचे गारदी (कवायती, बंदूकधारी पायदळ), शेंगदाणे म्हणजे घोडदळ, मिरे म्हणजे तोफा, आणि मागे मूठभर हलवा म्हणजे बाजारबुणगे आणि यात्रेकरू. समोर अब्दालीची बाजू: रोहिल्यांसाठी (त्याला मिळालेल्या पठाणांसाठी) राजमा, त्याच्या वजिराच्या फौजेला तूरडाळ, जंबुऱ्यांना, म्हणजे उंटावरच्या लहान तोफांना, लवंगा. (बायकोने मिऱ्याचा आणि लवंगेचा भाव ऐकवला. असो.)

आपल्या डाव्या बगलेला हरभरे, त्यांच्या लगत विंचूरकर आणि गायकवाडांचे शेंगदाणे. मध्ये भाऊसाहेब, विश्वासराव आणि हुजुरात, म्हणजे पेशव्यांची खास फौज. उजवीकडे शिंदे, होळकर. सकाळी हरभरे पुढे सरकले, राजमा फुटायला लागला. इथवर भाचा खूष. मग मी शेंगदाणे उचलून हरभऱ्यांच्या पुढे नेले, तशी त्याने माझा हात धरला. "मामा, आता हरभरे गोळी कशी मारणार? पुढे तर आपलेच शेंगदाणे आहेत. ते पुढे का गेले?"

"शिस्त नव्हती," असं म्हणून मी वेळ मारून नेली, पण ते माझं मलाच पटलेलं नाही. याच भाऊसाहेबांची फौज अकरा महिने आधी उदगीरला निजामाविरुद्ध व्यवस्थित लढली होती. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला तेव्हाही तोफा, गारदी आणि घोडदळ यांचा मेळ बसला होता. मग १४ जानेवारीलाच काय बिनसलं?

वेगवेगळ्या तऱ्हेचं सैन्य एकत्र लढवायला नेमकं लागतं काय? पानिपतच असं नाही, इतर लढायांची उदाहरणंही द्या. "चूक भाऊंची की होळकरांची" हा वाद कृपया नको.

चहाबाज · १४ जानेवारी, २१:५२

शेवटची ओळ वाचली. पहिल्या दहा प्रतिसादांत तोच वाद सुरू होणार, एक कटिंग लावतो.

आळशी_उंट · १४ जानेवारी, २२:०३

आमच्या समाजाला लवंगांच्या रूपात प्रतिनिधित्व दिल्याबद्दल आभार. बाकी जाणकार प्रकाश टाकतीलच. वाचनखूण साठवली आहे.

गडवाट · १४ जानेवारी, २२:३०

मुळात हरभरे आणलेच कशाला? मराठ्यांचं बळ घोड्याच्या पाठीवर होतं. १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावांनी काय केलं ते बघा. निजामाचा तोफखाना हिंदुस्थानात नावाजलेला, पण बाजीराव त्याच्या समोर उभे राहिलेच नाहीत. इकडे औरंगाबादकडे हूल, तिकडे खानदेशातून गुजरातेत. निजाम त्यांच्यामागे धावता धावता दमला, जड तोफा मागे ठेवाव्या लागल्या, आणि शेवटी पाण्यावाचून कोंडला गेला. लगेच मुंगी-शेवगावचा तह. त्यात गारदी किती होते? एकही नाही.

पानिपतावर "गोल" करून चालत जाण्याचा बेत हा उसना बेत होता. गोल म्हणजे मध्ये बुणगे, चारी बाजूंनी फौज आणि सगळं एका चालीने पुढे. गंमत म्हणजे उदगीरला निजाम असाच गोल करून चालला होता आणि आपल्या घोडदळाने तो फोडला होता. जो डाव आपणच मोडून दाखवला, तोच आपण अकरा महिन्यांनी खेळायला गेलो.

निवृत्त_गोलंदाज · १५ जानेवारी, ०६:१५

गडवाट, उदगीरचा मुद्दा चांगला आहे. पण पालखेडची तुलना इथे बसत नाही. बाजीरावांबरोबर बुणगे नव्हते आणि पोटात अन्न होतं. पानिपतावर दोन महिने कोंडलेली, उपाशी फौज होती आणि घोडी वाळून गेली होती. अशा घोड्यांवर गनिमी कावा होत नाही. दक्षिणेकडे वाट काढायची तर गोळीबार करत करत चालणारी भिंत हवी होती आणि ती गारद्यांकडे होती.

मी तोफखान्यात होतो, देवळालीला बरीच वर्षं काढली. तुमच्या भाच्याने जे विचारलं तोच आमच्या पेशाचा पहिला धडा. आपल्या तोफेचं तोंड आपल्याच माणसाने बंद करायचं नाही. ऐकायला सोपं आहे. आमच्या वेळी पायदळाच्या कंपनीबरोबर तोफखान्याचा एक अधिकारी जायचा. त्यांच्याबरोबर चालायचा, त्यांच्यात जेवायचा, खंदकात त्यांच्या शेजारी झोपायचा आणि बिनतारी संचावर मागे आमच्याशी बोलायचा. तोफगोळे पुढे पुढे सरकत जाणार आणि पायदळ ठरल्या मिनिटाला त्यांच्या मागून जाणार. सरावातसुद्धा एखादी तुकडी अर्धं मिनिट आधी उठली की आमच्या छातीत धस्स व्हायचं. घड्याळं जुळवलेली, नकाशा एकच, संच चालू, तरीही ही गत.

१७६१ ला यातलं काय होतं? काळ्या दारूच्या दोन फैरी झाल्या की समोर धुराची भिंत. विंचूरकरांच्या स्वाराला त्या धुरात दिसणार काय, तर पाठमोरे रोहिले. इब्राहिमखानाची पुढची फैर कधी सुटणार आहे, हे त्याला कोण सांगणार होतं?

कढीलिंब · १५ जानेवारी, ०८:०५

काका, हा प्रतिसाद भाच्याला वाचून दाखवला. त्याचा प्रश्न: "मग तो जेवणारा माणूस त्यांच्याकडे का नव्हता?" मी ऑफिसला निघालोय. कुणीतरी उत्तर द्या.

रपेट · १५ जानेवारी, ११:२०

मी इतिहासवाली नाही, पण पुण्यात आठ वर्षं घोडेस्वारी करतेय, त्यामुळे शेंगदाण्यांची बाजू मांडते.

सिनेमात घोडे भाल्यांच्या भिंतीवर जाऊन आदळतात. खरा घोडा तसं करत नाही. माझी घोडी कुंपणाला वाळत घातलेल्या निळ्या ताडपत्रीवरून मला दोनदा उतरवून मोकळी झालीय. संगिनी पुढे केलेली माणसं खांद्याला खांदा लावून स्थिर उभी असतील तर घोडा ऐनवेळी वळतो नाहीतर थांबतो. स्वाराचा सगळा जुगार यावर असतो की आपण पोचायच्या आधी समोरची माणसं हलतील. ती हलली, एक फट पडली, की मग घोड्याइतकं भयंकर काही नाही.

हिशेब करून बघा. भरधाव घोडा शंभर पावलं सात-आठ सेकंदांत कापतो. चकमकीची बंदूक पुन्हा भरायला सरावलेल्या शिपायाला पंधरा-वीस सेकंद लागतात. म्हणजे गारद्याच्या हातात एकच फैर, त्यानंतर संगीन आणि शेजाऱ्यावरचा भरवसा. उलट, फैर झडून गेल्यावर गारद्याने नुसतं उभं राहिलं तर समोरचा शत्रू सावरतो. त्या पंधरा सेकंदांत घोडदळ पाहिजे. दोघांनाही एकमेकांची गरज आहे, पण ती वेगवेगळ्या क्षणी. घोडदळ लवकर आलं तर अडचण, उशिरा आलं तर निरुपयोगी.

चहाबाज · १५ जानेवारी, ११:४१

म्हणजे ढोल-ताशा पथकच की. ताशाने तर्री धरायची, ढोलाने हाताची चाळवाचाळव न करता थांबायचं, आणि इशारा आला की एकदम ठोका. आमच्या पथकात एक दादा दरवर्षी अर्धा ठोका आधी टिपरू मारतो. गेली सहा वर्षं आम्ही त्याला "विंचूरकर" म्हणायला हवं होतं, हे आज कळलं.

काळी_शाई · १५ जानेवारी, १३:१०

थांबा. विंचूरकरांना टोपणनाव करण्याआधी साधनं काय म्हणतात ते बघू या.

गारद्यांच्या पुढे आपलं घोडदळ घुसलं आणि त्यांचा मारा बंद पडला, ही हकिगत आपल्याकडच्या परंपरेतून येते. काशीराज पंडित त्या दिवशी अब्दालीला मिळालेल्या अवधच्या नवाब शुजाच्या बाजूने मैदानावर हजर होता आणि त्याने सुमारे वीस वर्षांनी फारसीत हकिगत लिहिली. तो वेगळं चित्र देतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे इब्राहिमखानाने आपल्या पलटणींपैकी दोन बगलेकडे तोंड करून उभ्या केल्या, उरलेल्या सात घेऊन तो संगिनी रोखून रोहिल्यांवर गेला आणि त्यांची दाणादाण उडवली. गायकवाडांची माणसं त्याला आधार द्यायला होती, ती चांगली लढली आणि दमाजी स्वतः जखमी झाले. म्हणजे काशीराजाच्या नजरेतून तिथे मेळ बसला होता. संपल्या त्या पलटणीच. सहा जवळपास नामशेष झाल्या आणि खान जखमी होऊन पकडला गेला.

दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या असू शकतात. पाच-सहा तास चाललेल्या लढाईत एकच एक क्षण नसतो.

काशीराजाने आणखी एक बारीक गोष्ट टिपली आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. त्या सकाळी खान भाऊसाहेबांकडे आला आणि म्हणाला (आशय माझ्या शब्दांत), माझ्या लोकांच्या दरमहा पगारासाठी मी हट्ट धरायचो म्हणून तुमची माझ्यावर नाराजी होती. या महिन्यात खजिना लुटला गेला, आम्हाला काहीच मिळालं नाही. हरकत नाही. आजवरचा पगार फुकट खाल्ला नाही हे आज दाखवतो.

गारदी रोकड्या पगारावर आणि घोडदळ सरंजामावर, म्हणजे चाकरीसाठी तोडून दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नावर. एकाच फौजेत जगायच्या दोन तऱ्हा. जेवणारा माणूस का नव्हता याचं उत्तर कदाचित इथे असेल.

गडवाट · १५ जानेवारी, १४:००

पगार सगळे घेतात. पण गोलाला मल्हाररावांचा विरोध होता आणि त्यांचं ऐकलं असतं तर...

खवचट_खंडू · १५ जानेवारी, १४:०९

ऐकलं नाही म्हणूनच ते लवकर घरी गेले वाटतं.

गडवाट · १५ जानेवारी, १४:१२

तोंड सांभाळून. बुडत्या जहाजावरून फौज वाचवून काढणं याला अक्कल लागते.

चहाबाज · १५ जानेवारी, १४:१३

दहा प्रतिसादांत म्हणालो होतो, नवव्यालाच सुरू झाला. पुरा कटिंग.

संपादक_मंडळ · १५ जानेवारी, १६:३०

यानंतरचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. सरदारांच्या जातींवर आणि प्रतिसादकांच्या आडनावांवर घसरू नये. होळकरांच्या माघारीवर स्वतंत्र धागा काढायला मोकळीक आहे.

अर्धवट_प्राध्यापक · १५ जानेवारी, १९:४५

मूळ प्रश्नाकडे येऊ. मेळ उत्तम साधल्याचं माझं आवडतं उदाहरण इ.स.पू. ५३ मधलं, काऱ्हाएचं. क्रॅससचं रोमन पायदळ जगात एक नंबर, संख्या चाळीस हजारांच्या घरात. समोर पार्थियन सेनापती सुरेना, त्याच्याकडे फक्त घोडे आणि उंट. पण घोडे दोन तऱ्हांचे. हजारभर स्वार घोड्यासकट चिलखतात, हातात लांब भाले. बाकीचे हलके तिरंदाज.

रोमनांनी ढाली जुळवून कासव केलं की चिलखती स्वार अंगावर येणार. कासव मोडून पांगले की तिरंदाज टिपणार. तिरंदाजांमागे धावले तर ते पळत पळत मागे वळून बाण सोडणार. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर म्हणजे दुसऱ्या प्रश्नाला आमंत्रण. अडकित्त्याच्या दोन पात्यांत सुपारी असते, तसं. क्रॅससची एक आशा होती की बाण कधीतरी संपतील. तेवढ्यात त्याला दिसलं की मागे बाणांनी लादलेले उंट उभे आहेत आणि तिरंदाज तिथे जाऊन भाते भरून परत येताहेत.

आळशी_उंट · १५ जानेवारी, १९:५०

बघा. लढाई शेवटी कोण जिंकतं.

निवृत्त_गोलंदाज · १६ जानेवारी, ०६:०५

उंटराव, हे विनोदात काढू नका, अब्दालीचीही हीच गोष्ट आहे. आपल्या तोफा मोठ्या आणि लांब पल्ल्याच्या, पण बैलांनी ओढून एकदा रोवल्या की रोवल्या. शत्रू अंगाशी आला की गोळे त्याच्या डोक्यावरून जाणार. अब्दालीचे जंबुरे लहान, पण उंट बसवला, बार काढला, उंट उठवला, पुढे चालला. जिथे फट पडेल तिथे तोफखाना हजर. काशीराज असे दोन हजार उंट सांगतो.

काळी_शाई · १६ जानेवारी, १०:४०

अब्दालीच्या बाजूचा आणखी एक मेळ कुणी सांगत नाही, तो नजीबखानाचा. तो आपल्या उजव्या बगलेसमोर होता, म्हणजे शिंदे-होळकरांसमोर. त्याच्याजवळ रोहिले पायदळ, बाणांचे कारखाने आणि बेलदार. हो, फावडी घेतलेले बेलदार! ते पुढे जाऊन वाळूचा बांध घालायचे, पायदळ त्याच्या आडोशाला यायचं, मग बेलदार आणखी पुढे नवा बांध. आणि बांधाआडून एका वेळी दोन-दोन हजार बाण सुटायचे. बाण म्हणजे धनुष्याचे नव्हेत, लोखंडी नळीत दारू ठासलेले अग्निबाण. माणसं किती मेली हा पुढचा प्रश्न, त्या फुत्काराने घोडी बिथरली आणि स्वारांना हल्ला चढवताच येईना.

आता रपेटताईंच्या ताडपत्रीचं उदाहरण पुन्हा वाचा. उजवी बगल दुपारपर्यंत जागची हलली नाही याची कारणं आपण नेहमी माणसांच्या मनात शोधतो. थोडी घोड्यांच्या कानातही शोधावीत.

अर्धवट_प्राध्यापक · १६ जानेवारी, ११:१५

क्या बात है. याच परिसरात १५२६ ला बाबराने जे केलं त्याचाच हा भाऊबंद. गाड्या कातडी दोरांनी एकमेकींना बांधल्या, आडोशाला तोफा आणि बंदूकवाले ठेवले. पण बाबराची हुशारी गाड्या बांधण्यात नाही, मध्ये मोकळ्या वाटा ठेवण्यात आहे. शंभर-दीडशे स्वार त्या वाटांमधून बाहेर पडतील एवढी जागा. आणि दोन्ही टोकांच्या तुकड्यांना हुकूम एकच, वळसा घालून इब्राहिम लोदीच्या पिछाडीला जा. घोडदळ कुठून जाणार, हे लढाईच्या आधी जमिनीवर आखलेलं. फरशीवर रांगोळी काढावी तसं.

भोकरदनकर · १६ जानेवारी, १५:२५

माझ्या गावापासून असई जवळ आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ ला जे झालं ते या धाग्यात यायलाच हवं, कारण तोवर आपल्याकडे हरभरे उत्तम तयार झाले होते.

केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांचं कवायती पायदळ, दहा-अकरा हजार, आणि शंभराच्या आसपास तोफा. सेनापती पोलमान, मूळचा हानोवरचा. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचं घोडदळ तीस हजारांवर. समोर इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, फौज सगळी मिळून सातेक हजार. वाटाडे म्हणाले, केळणेला पुढे उतार (नदी पायी ओलांडायची जागा) नाही. त्याने नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि ताडलं, गावं समोरासमोर आहेत म्हणजे मध्ये उतार असणारच. मी त्या काठाला उभा राहिलोय. उन्हाळ्यात तिथे पाय भिजवायला खड्डा शोधावा लागतो, पण पावसाळ्यानंतर दरडी उभ्या आणि चिखल असा की बैल फसावा.

वेलस्ली बगलेवर येतोय हे दिसताच पोलमानने अख्खी रांग काटकोनात फिरवली. शत्रू समोर असताना हजारो माणसांची रांग फिरवणं म्हणजे काय शिस्त असेल! आणि गोलंदाज? इंग्रज पलटण अंगावरून पुढे गेली तेव्हा त्यातले काही मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, मग उठून त्यांच्याच पाठीवर तोफा डागल्या. इंग्रजांचे मेलेले, जखमी मिळून पंधराशेच्या वर. एवढ्या छोट्या फौजेला हा केवढा फटका.

आणि तीस हजार शेंगदाणे? शिंदे, भोसले मैदान सोडून गेले आणि घोडदळ बहुतांशी लांबून बघत राहिलं. जर्मन सेनापतीचा शब्द सरदारांवर चालत नव्हता आणि सरदारांना पायदळाची भाषा येत नव्हती.

काळी_शाई · १६ जानेवारी, १६:००

छान लिहिलंत. एक दुरुस्ती. घोडदळ अगदीच स्वस्थ नव्हतं. असई गावाकडे भरकटलेली इंग्रजांची ७४वी पलटण तोफांनी भाजून निघाली, तेव्हा मराठे स्वार तिच्यावर तुटून पडले होते. ड्रॅगून, म्हणजे इंग्रजांचे स्वार, वेळेवर आले म्हणून ती पुरती संपली नाही.

भोकरदनकर · १६ जानेवारी, १६:२०

मान्य. पण बघा, केव्हा तुटून पडले? पलटण मोडल्यावर. हे लक्षात ठेवा.

आल्प्सच्या_पायथ्याशी · १७ जानेवारी, ०२:१०

इकडून थोडं अवांतर. मी ग्रेनोबलला असते, तासाभरावर शांबेरी आहे. त्या गावाच्या चौकात चार हत्तींचं कारंजं आहे. चौघांचेही फक्त पुढचे अर्धे भाग, खांबाला चिकटवलेले. गाववाले त्यांना "बूड नसलेले चौघे" म्हणतात. हत्तींच्या वर खांबावर जो उभा आहे तो आपल्या महादजी शिंद्यांचा युरोपी सेनानी डी बॉइन. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा भर थंडीत फोनवर आईला ओरडून सांगितलं, "अगं, ग्वाल्हेरचे पैसे इथे आहेत!"

विषयाला धरून: महादजी पानिपतातून पाय जायबंदी होऊन वाचले. राणेखान भिस्त्याने त्यांना वाचवलं हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी त्यांनी गारदीही बघितले आणि घोडदळही. त्यातून त्यांनी गडवाट म्हणतात तसा "हरभरे नकोत" असा निष्कर्ष काढला नाही, उलट १७८४ ला डी बॉइनकडून पलटणी उभ्या करवल्या. त्याने आधी पगाराची सोय लावून घेतली, दुआबातला मुलूखच त्यासाठी तोडून मिळाला. जखमी शिपायाला भरपाईसुद्धा होती. १७९० ला मेडत्याला त्याचा एक कप्तान हुकमाशिवाय तीन पलटणी घेऊन पुढे गेला आणि राठोडांच्या घोडदळाने त्या फोडल्या. म्हणजे काकांची "अर्धं मिनिट आधी उठलेली तुकडी" तिथेही होतीच! पण डी बॉइनने उरलेल्यांचा पोकळ चौकोन केला, राठोड पुन्हा पुन्हा आदळले, चौकोन फुटला नाही.

गडवाट · १७ जानेवारी, ०९:३०

ताई, मुद्दा पोचला. महादजींपुढे मी माझं म्हणणं मागे घेतो. पण असईला महादजी नव्हते, हरभरे होते. म्हणजे हरभरे असून भागत नाही, हेही खरं.

खतावणी · १७ जानेवारी, १३:४०

मी आयुष्यभर हिशेब तपासनीस. लढाईतलं कळत नाही, खर्चातलं कळतं.

शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला आलेला. बारगीराचा घोडा सरकारी पागेतला. बारगीराचा घोडा मेला तर नुकसान सरकारचं. शिलेदाराचा मेला तर त्याची आयुष्याची पुंजी गेली, आणि बिनघोड्याच्या शिलेदाराला पगार कोण देणार? रिक्षावाल्याला सांगून बघा, "तुझी रिक्षा त्या ट्रकवर घाल, आपण लढाई जिंकू." तो भित्रा नाही. रिक्षा हप्त्यावर आहे.

आता असा माणूस काय करेल? न मोडलेल्या रांगेवर जाणार नाही, ते महाग पडतं. पण समोरचा मोडायला लागला की सगळ्यांच्या आधी धावेल, कारण पळत्याच्या पाठीवर जाणं स्वस्त, आणि लूट पहिल्याची. भोकरदनकर म्हणाले तसं "मोडल्यावर". डाव्या बगलेचे घाईने पुढे गेले आणि उजवीकडचे जागचे हलले नाहीत, यांना आपण दोन वेगळे दोष समजतो. माझ्या वहीत ती एकच नोंद आहे.

काळी_शाई · १७ जानेवारी, १४:०५

विंचूरकर, गायकवाड साधे शिलेदार नव्हते, सरदार होते.

खतावणी · १७ जानेवारी, १४:२०

सरदार म्हणजे रिक्षांचा मालक. पथकाची किंमत त्याच्या सरंजामावर. उलट त्याचा हिशेब आणखी मोठा.

निवृत्त_गोलंदाज · १७ जानेवारी, १७:५०

खतावणीसाहेब, तुम्ही आमच्याकडे हवे होतात. कुणाही कंपनी कमांडरला त्याची गाडी जळाली म्हणून घरचा हप्ता भरावा लागत नाही, या गोष्टीकडे मी कधी असं बघितलंच नव्हतं. तरी तुमचा हिशेब सगळ्याला पुरत नाही. मधल्या फळीत भाऊसाहेबांची हुजुरात न मोडलेल्या वजिरावर गेलीच ना? दुपारपर्यंत त्याला जवळजवळ लोळवलाही. तिथे मागून ताजी फौज द्यायला आपल्याकडे कुणी शिल्लक नव्हतं. अब्दालीने मात्र तोवर राखीव फौज हात न लावता ठेवली होती, पळणाऱ्यांना मारून मारून परत रांगेत पाठवलं, आणि उन्हं कलायच्या सुमारास सगळं एकदम सोडलं.

खतावणी · १७ जानेवारी, १८:०५

हुजुरात सरकारी पागेची ना? मग बसतंय की.

निवृत्त_गोलंदाज · १७ जानेवारी, १८:०७

अरेच्चा.

कढीलिंब · १८ जानेवारी, २२:१५

रविवार होता, भाचा पुन्हा आला, सोबत त्याची धाकटी बहीण. फरशीवर पुन्हा पानिपत मांडलं, पण या वेळी खतावणींचा नियम लावला. शेंगदाणे दोघांना वाटून दिले, वीस-वीस, गुळाच्या खड्यासकट. जे वाचतील ते त्यांचे, खायला. जे मरतील ते माझे. आणि राजमा पळाला की त्याच्यामागचा हलवा जो पहिला पोचेल त्याचा. हरभरे माझ्याकडे.

मी हरभरे पुढे घेतले. राजमा घट्ट उभा. "घोडदळ, चला," म्हटलं, तर दोघांनी आपापले शेंगदाणे ओढून मांडीखाली घेतले. पाच वर्षांची धाकटी म्हणाली, "आधी तुमचे हरभरे मरू देत."

मग मी राजमाची रांग थोडी विस्कटली. पुढे काय झालं ते मला नीटसं दिसलंच नाही. दोन हात एकदम आले, चाळीस शेंगदाणे माझ्या हरभऱ्यांवरून घसरत पुढे गेले, मिरे सोफ्याखाली, आणि हलव्यावरून भांडण. भाचा मध्येच थबकला, खाली बघितलं आणि म्हणाला, "मामा, परत पुढे गेले."

धाकटीने तोवर दोन्ही बाजूंचं घोडदळ खाऊन टाकलं होतं.

आळशी_उंट · १८ जानेवारी, २२:२१

लवंगा शाबूत आहेत ना?